सूपच्या सहा बशा आणि सड्यावरचा दवबिंदू



आज फवारणी नाही, बाजारभाव नाही, आंब्याचा मोहोरही नाही. आज एका खत-चाचणीची गोष्ट लिहितोय. चाचणी दीडशे वर्षांपूर्वीची, इंग्लंडातली. ती कुठल्या प्रक्षेत्रावर झाली नाही, सूप प्यायच्या सहा खोलगट बशांत झाली. पीक होतं दवबिंदू आणि खत म्हणून दिलं होतं भाजलेलं मांस. हसू नका. मांडणी अशी चोख आहे की आपल्याकडच्या कितीतरी 'डेमो प्लॉट'वाल्यांनी आधी ती वाचावी आणि मग बोर्ड लावावा.

दवबिंदू म्हणजे किडे खाणारी वनस्पती. इंग्रजीत संड्यू, शास्त्रीय नाव ड्रॉसेरा. आपल्या कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात तिच्या दोन जाती हमखास दिसतात. ड्रॉसेरा बर्मानी म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी लालसर चकती, ओल्या कातळावरच्या बोटभर मातीला चिकटून बसलेली. दुसरी ड्रॉसेरा इंडिका, ही वीतभर उभी वाढते आणि पानं गवताच्या पातीसारखी बारीक, म्हणून तिला गवती दवबिंदू म्हणतात. साताऱ्याच्या कास पठारावरही या दोन्ही आहेत. आमच्या वाडीत मात्र कुणी तिला नाव ठेवलेलं नाही, दोन्ही अर्थांनी. गुरं तोंड लावत नाहीत, औषधाला कुणी नेत नाही, मग नाव कशाला?

पानावर बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. सकाळी बघितलं तर दवच वाटतं. पण दुपारी अकराला ऊन तापल्यावरही तो थेंब तसाच चकाकतो, कारण तो डिंकासारखा चिकट रस आहे. चिलट बसलं की अडकतं, आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात, आणि काही दिवसांनी उरतं ते किड्याचं कवच.

युरोपातल्या जुन्या वैद्यांनी या थेंबावरूनच तर्क चालवला होता. उन्हातसुद्धा जिचं पाणी आटत नाही ती वनस्पती क्षयाने सुकत चाललेल्या माणसाला ओल देईल, असा तो तर्क. लॅटिनमध्ये नाव पडलं 'रोस सोलिस', सूर्याचं दव. खोकल्यावर तिचा काढा शेकडो वर्षं चालला. किडे चिकटतात हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्याचा अर्थ लावायची गरज कुणाला वाटली नाही.

१७५३ साली लिनियसने आपल्या मोठ्या ग्रंथात या वनस्पतींना ड्रॉसेरा हे नाव दिलं, ग्रीकमध्ये 'दवाने भिजलेली'. आपली इंडिकासुद्धा त्याच ग्रंथात आहे. पण झाड किडा खातं ही कल्पना लिनियसला मानवली नाही. जॉन एलिस नावाच्या इंग्रजाने त्याला अमेरिकेतल्या व्हीनस फ्लायट्रॅपबद्दल कळवलं आणि हे झाड किड्यावर पोसत असावं असं सुचवलं, तेव्हाही लिनियसने ते फक्त पानाचं मिटणं म्हणूनच घेतलं. जनावर झाड खातं हा सृष्टीचा क्रम, तो उलटा कसा होईल? पुढे १७८२ मध्ये रोट नावाच्या जर्मन वनस्पतीतज्ज्ञाने दवबिंदूचे केस किड्यावर वाकतात हे छापून ठेवलं. त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

१८६० चा उन्हाळा. चार्ल्स डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आदल्या वर्षी आलेलं, त्यावरून सगळीकडे वाद पेटलेला. हे गृहस्थ ससेक्समध्ये नातेवाइकांकडे गेले होते. तिथल्या माळावर त्यांना दवबिंदू दिसला, तिकडची जात रोटुंडिफोलिया, गोल पानांची. त्यांनी सहज बारा रोपं उपटली. त्यांवर पूर्ण उमललेली ५६ पानं होती आणि त्यांतल्या ३१ पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष. एका मोठ्या पानावर तर तेरा किड्यांचे अवशेष मिळाले. शेतकरी कीडग्रस्त पानांची टक्केवारी काढतो तसंच हे मोजणं, फक्त इथे ग्रस्त कीड होती.

मग डार्विन त्या रोपांच्या मागेच लागले. इतके की त्या वर्षी एका मित्राला त्यांनी कळवलं, जगातल्या सगळ्या जातींच्या उगमापेक्षा सध्या मला ड्रॉसेराची जास्त काळजी आहे! पानावर काय काय ठेवून पाहिलं त्याची यादी घरातल्या फडताळासारखी आहे: दूध, अंड्याचा पांढरा बलक, कच्चं मांस, चीज, साखरेचं पाणी, डिंक, पिष्ठ, ऑलिव्ह तेल, चहा. निकाल स्वच्छ निघाला. ज्यात नत्र होतं अशा द्रवांनी ६४ पैकी ६३ पानांचे केस वाकले. साखर, डिंक, तेल, चहा अशा बिननत्राच्या द्रवांनी ६१ पानांतलं एकही हललं नाही. पावसाचा थेंब पडला तरी केस हलत नाहीत. पण माणसाच्या केसाचा डोळ्याला दिसेल न दिसेल असा तुकडा ठेवला तर हलतात. आणि अमोनियाचं फॉस्फेट, म्हणजे आपल्या डीएपीचा सख्खा नातेवाईक, ते तर इतक्या सूक्ष्म प्रमाणात जाणवतं की आकडा लिहिताना डार्विनलाच लोक विश्वास ठेवतील की नाही याची धास्ती होती.

हे सगळं १८७५ मध्ये पुस्तकरूपाने आलं. पानातला रस आपल्या जठरातल्या रसासारखा आम्ल असतो, त्यात पेप्सिनसारखा पाचक घटक असतो, अंड्याच्या घट्ट बलकाचे कोपरे तो विरघळवतो, हे त्यात दाखवलेलं होतं.

आता इथे खरा मुद्दा येतो, आणि हा आक्षेप मला एकदम शेतकरी डोक्याचा वाटतो. लोक म्हणाले, ठीक आहे, पान किडा पकडतं, पचवतं, शोषतं. पण त्याने झाडाला *फायदा* काय? काचघरात किडे न देता वाढवलेली रोपं तर चांगली हिरवीगार दिसतात! म्हणजे खत शोषलं जातं हे सिद्ध झालं, उत्पादन वाढतं हे नाही. डार्विनच्या पुस्तकात या प्रश्नाचं थेट उत्तर नव्हतं.

ते उत्तर त्यांच्या मुलाने दिलं. फ्रान्सिस डार्विन, वडिलांच्या हाताखाली डाउन गावच्या घरी काम करणारा. १८७७ च्या जूनमध्ये त्याने सुमारे दोनशे रोपं आणली आणि सूपच्या सहा बशांत शेवाळात लावली. प्रत्येक बशीत मधोमध एक बुटकी आडभिंत. भिंतीच्या एका बाजूच्या रोपांना 'खाऊ' द्यायचं, दुसऱ्या बाजूला 'उपाशी' ठेवायचं. दोन्ही बाजूंना तेच शेवाळ, तेच पाणी, तोच उजेड. वरून बारीक जाळीचं कापड टाकलं, म्हणजे उपाशी रोपांनी गुपचूप चिलटं धरू नयेत. खाऊवाल्या बाजूच्या पानांवर भाजलेल्या मांसाचे अगदी बारीक कण.

एक गोष्ट बारकाईने बघा. प्रत्येक बशीत जी बाजू *कमकुवत* दिसत होती तीच त्याने खाऊसाठी निवडली. म्हणजे पुढे खाऊवाली बाजू वरचढ ठरली तर 'ती आधीपासूनच जोमदार होती' असं म्हणायला जागा नाही. आपल्याकडे नव्या औषधाचा प्लॉट कुठे घेतात? विहिरीजवळच्या काळ्या तुकड्यात. आणि तुलनेचा प्लॉट? बांधाच्या कडेला, वडाच्या सावलीत. गेल्या वर्षी एका कंपनीच्या माणसाने मला असाच प्लॉट दाखवला, नाव घेत नाही. फ्रान्सिसच्या सहा बशा म्हणजे आजच्या भाषेत सहा पुनरावृत्त्या. शेती-प्रयोगांना संख्याशास्त्राची शिस्त लावणारा फिशर रोथॅमस्टेडला रुजू झाला तो १९१९ मध्ये, या बशांनंतर चाळीस वर्षांनी.

दहा दिवसांत फरक दिसायला लागला. खाऊवाली रोपं जास्त हिरवी, केस जास्त लाल. ऑगस्टअखेर मोजणी सुरू झाली. उपाशी रोपांचा आकडा १०० धरला तर खाऊवाल्यांचा असा आला: फुलाचे दांडे सोडून रोपांचं वजन १२१.५. फुलांचे दांडे १६४.९. बोंडं १९४.४. एकूण बिया २४१.५. आणि बियांचं एकूण वजन ३७९.७.

परत वाचा. पाल्यात फरक एकवीस टक्के, बियांच्या वजनात पावणेचार पट. तो पानं बघून थांबला असता तर 'थोडा फरक आहे' असं म्हणून वही मिटली असती. काचघरवाल्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं, उपाशी रोप दिसायला बरंच असतं. ते फक्त पुढच्या पिढीसाठी काही ठेवू शकत नाही. भातात आपण हेच बघतो. खाचर लांबून हिरवंगार आणि लोंबी हातात घेतली तर पळिंज.

हा निबंध १८७८ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचला गेला. गंमत म्हणजे सोसायटीचं नाव लिनियसचं. त्याच सुमारास जर्मनीत एर्लांगेनलाही काही संशोधकांनी वेगळा प्रयोग करून तोच निष्कर्ष काढला.

त्या काळी नत्र हा विषयच किती कच्चा होता हे लक्षात घेतलं तर या कामाचं मोल कळतं. लीबिखचं शेती-रसायनावरचं पुस्तक १८४० चं. लॉज आणि गिल्बर्टचे रोथॅमस्टेडचे गव्हाचे प्लॉट १८४३ पासूनचे. झाड हवेतला मोकळा नत्र घेतं की नाही यावर भांडणं चालली होती. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नत्र मिळतो हे हेलरीगेलने जाहीर केलं १८८६ मध्ये. म्हणजे कुळीथ आणि चवळीचं कोडं सुटायच्या आठ वर्षं आधी दवबिंदूचं सुटलं होतं. दोन्हीकडे प्रश्न एकच, जमिनीत नत्र नसेल तर झाडाने आणायचा कुठून? कुळथाने मुळाशी भागीदार ठेवले, दवबिंदूने पानावर सापळा लावला.

आता आपल्या सड्याकडे बघा. जांभ्याचा कातळ, वर बोटभर माती, कुठे तीही नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जे काही विरघळण्यासारखं असतं ते धुऊन पऱ्याला जातं. जून ते सप्टेंबर पाणी साचलेलं, ऑक्टोबरनंतर तवा. तिथे दवबिंदू, सीतेची आसवं, गेंद अशी मंडळी राहतात. सीतेची आसवं तर दवबिंदूच्याच पंगतीतली, फक्त तिचे सापळे चिखलात, बारीक फुग्यांसारखे. ही झाडं सड्यावर *असूनही* जगतात असं आपण समजतो. खरं तर सडा तसा आहे म्हणूनच ती आहेत. खत घाला, गवत येईल, आणि गवताच्या सावलीत नाण्याएवढी चकती कुठे टिकणार?

घरी बियांपासून दवबिंदू करायचा तर हेच सगळं सांभाळावं लागतं. हा उद्योगही नवा नाही. डार्विनला तुलनेसाठी केपची कॅपेन्सिस ही जात क्यू उद्यानाच्या हूकरने पुरवली होती, आणि आज घरोघरी खिडकीत सर्वांत जास्त दिसते ती हीच. अमेरिकेत न्यू जर्सीच्या मेरी ट्रीट या बाईंनी स्वतःच्या घरी संड्यूवर निरीक्षणं केली, १८७३ मध्ये छापली, आणि डार्विनने त्यांचा आपल्या पुस्तकात उल्लेख केला. ना विद्यापीठ, ना प्रयोगशाळा.

मी ट्रेमध्ये करतो ते सांगतो. आपल्या दोन्ही जाती हंगामी आहेत. बी पडतं, रोप मरतं, पुढच्या पावसात बी उगवतं. बोंडं सप्टेंबरनंतर पिकतात, बी काळं, धुळीसारखं. स्वतःच्या जमिनीतल्या चार-दोन रोपांची दोन-चार बोंडं घ्यावीत, कागदाच्या पुडीत कोरडी ठेवावीत. रोपं उपटू नयेत. आणि कासला जाऊन बोंडं खुडायचा विचार असेल तर तो मुळीच करू नका, ते संरक्षित वन आहे.

माध्यम म्हणजे पीट आणि धुतलेली जाड वाळू, निम्मं निम्मं. पीट महाग पडतं. कोकोपीट वापरायचं तर त्यात मीठ असतं, म्हणून ते पावसाच्या पाण्यात तीन-चारदा भिजवून पिळून घ्या. समुद्राची वाळू नको. शेणखत, गांडूळखत, कंपोस्ट, राबाची राख यातलं चिमूटभरही नको. तरवा टाकायची सवय असलेल्या हाताला हे जड जातं, पण नकोच.

बी वर नुसतं भुरभुरायचं, मातीने झाकायचं नाही. त्याला उगवायला उजेड लागतो. ट्रेखाली थाळी ठेवून तिच्यात बोटभर पाणी, म्हणजे ओल खालून चढते आणि बी वाहून जात नाही. पाणी पागोळीचं. कौलांवरून पहिल्या चार पावसांची धूळ धुऊन गेली की पिंपात भरून ठेवायचं. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी रोप काही आठवड्यांत काळवंडतं. ठिबकसाठी घेतलेला टीडीएस मीटर घरात असेल तर तो बुडवून बघा, पन्नासच्या खाली हवा. दोन ते चार आठवड्यांत टाचणीच्या डोक्याएवढी रोपं दिसतात, आणि गंमत म्हणजे त्या वयातही पानाला थेंब असतो. विदेशी रोटुंडिफोलियाचं बी मागवलं असेल तर त्याला आधी काही आठवडे थंडी लागते, ओल्या शेवाळात फ्रीजमध्ये. आपल्या जातींना ती भानगड नाही.

खाऊ द्यायचा तर चिलटं स्वतःच येतात. माशांच्या खाद्याचा कण सुईच्या टोकावर घेऊन पानावर ठेवला तरी चालतो, पण मोठा कण ठेवला तर पान कुजतं. मी यंदा दोन्ही ट्रेंना मच्छरदाणीचं कापड लावलंय आणि मधे पत्र्याची पट्टी. एक बाजू खाऊ, एक बाजू उपाशी. कमजोर बाजू कुठली हे ठरवायला शेजारच्या शाळकरी पोराला बोलावलं, म्हणजे माझा कल मध्ये यायला नको. बर्मानीवर करतोय, तिचे कडेचे केस काही सेकंदांत मिटतात, त्या पोराला तेवढ्यासाठीच रोज यायचं असतं.

हे सगळं आताच का लिहिलं, तर घरात सड्याच्या तुकड्यावरून बोलणं चालू आहे. सातबाऱ्यावर तो पोटखराबा. १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा आमच्या वडिलांनी वरच्या अंगाला कातळात सुरुंग लावून खड्डे केले, डोक्यावरून माती आणून भरली आणि हापूसची कलमं उभी केली. त्या बागेवर आम्ही दोघं भाऊ शिकलो, तेव्हा कातळावर बाग नको असं म्हणायचं तोंड मला नाही. आता खालचा सुमारे एकराचा पट्टा उरलाय. दादाचं म्हणणं, जेसीबी लावून मातीचा थर टाकू, काजू घेऊ. चिरेखाणवालाही दोनदा विचारून गेला. दादाचा हिशेब चुकीचा नाही, मुलीचं शिक्षण त्याच्यासमोर आहे.

मी त्याला एवढंच दाखवलं, बागेच्या गडग्याखाली जिथून कलमांच्या खताचं पाणी पाझरतं तिथे हातभर गवत आहे आणि एकही दवबिंदू नाही. तिथून चाळीस पावलं बाजूला, जिथे फक्त आभाळाचं पाणी येतं, तिथे पाय ठेवायला भीती वाटावी इतके आहेत. हे माझं डोळ्यांनी बघणं आहे, चाचणी नाही, आणि उतारही दोन्हीकडे सारखा नाही. दादा म्हणाला, "मग त्यांचं काय करायचं, लोणचं घालायचं?" यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी तोच विचारत होता, आपल्याकडच्या चिलटांनी त्या मांसाइतकं नत्र मिळतं का रे?

सध्या ठरलंय ते असं. यंदाचा पावसाळा तिथे जेसीबी नाही. गडग्याखाली एक चर मारायचा, बागेचं पाणी पऱ्याकडे वळवायचं, आणि गवताच्या पट्ट्यात पुढच्या दोन पावसांत काय उगवतं ते नोंदवायचं. कलमांना पावसाळ्यात जो डोस एकदम देतो तो दोन हप्त्यांत द्यायचा, म्हणजे आपलंच महागाचं खत वाहून जाणार नाही. यावर दादा लगेच तयार झाला. काजूचा विषय दोन वर्षांनी परत निघेल, तेव्हा वही समोर ठेवून बोलू.

ज्यांच्या सड्यावर दवबिंदू आहे त्यांनी सप्टेंबरअखेर एका रोपावरची बोंडं मोजून कळवा, सोबत वरच्या अंगाला बाग आहे की मोकळा कातळ तेही लिहा. दहा रोपांची सरासरी असेल तर उत्तम. रोप उपटून फोटो पाठवू नका, जागेवरच मोजा. गुडघे भिजतील, इलाज नाही.